संगणकाच्या पोटातला संगणक

बाळासोंच्या सांगलीतल्या वधूवर केंद्राचा जुना संगणक १९९९ च्या उन्हाळ्यात कायमचा बंद पडला. तिथं कामाला असलेल्या राजरत्ननं त्यातली सगळी स्थळं वाचवली, पण बाळासो नवा संगणक घ्यायला तयार होईनात. लग्नपत्रिका करायचा एक आहे, त्यातच भागवा म्हणाले. त्यावर जुना प्रोग्रॅम चालेना. शेवटी राजरत्ननं पुण्याहून एक सीडी आणली आणि पत्रिकांच्या संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक उभा केला. स्थळं त्या खोट्याच्या हवाली केली.

"म्हंजे एकात दोन?" बाळासो खूश झाले.

"व्हय. पण मेमरी एकच हाय. दोघांनी वाटून खायची."

ती पुरेना. आतल्याला डिस्कवरचं एक नाव हवं असलं, तरी बाहेरच्याच्या हातून घ्यावं लागे, आणि बाहेरचा पत्रिकेची वेलबुट्टी काढण्यात गुंतलेला. एक स्थळ शोधेपर्यंत पाहुण्यांचा चहा पिऊन कप विसळून व्हायचे.

आष्ट्याचे आण्णा दर रविवारी दीक्षाला, आपल्या लेकीला, घेऊन येत. त्यांना कायम नोकरीचा जावई हवा होता. राजरत्नची नोकरी बाळासोंच्या मर्जीवर. आण्णा बाकावर पेंगू लागले की दीक्षा विचारायची, "आजबी दमलाय व्हय तुमचा संगणक?" मग ती बालवाडीतल्या पोरांचं सांगे, तो आईच्या गुडघ्यांचं. स्थळांना वेगळा संगणक दिला तर शोध क्षणात होईल, हे राजरत्नला पक्कं ठाऊक होतं. त्यानं बाळासोंपुढे तो विषय पुन्हा काढलाच नाही.

लोक कुरकुरू लागले तसं बाळासो म्हणाले, "आतल्याला जास्त मेमरी दे." दिली. आता बाहेरचा उपाशी राहिला. रहिमतपूरची पत्रिका करताना तो मध्येच अडकला, बंद करून चालू केला, आणि घाईत जुन्या पत्रिकेतल्या नवरदेवाचं नाव तसंच छापून गेलं.

पत्रिका वाटून झाल्यावर नवरदेवाचा बाप दारात उभा राहिला. "आवं बाळासो, पोरगी आमच्या सिद्धूला दिलीया. ह्यो म्हसवडचा ज्ञानू कोण?"

बाळासोंनी दुसऱ्याच दिवशी नवा संगणक आणला. स्थळं त्यावर गेली.

त्या रविवारी आण्णा बाकावर टेकले नाहीत तोवर कागद बाहेर आला. साताऱ्याचा मुलगा, पोस्टात कायम. दीक्षा पडद्याकडे बघत राहिली. महिन्याभरात लग्न ठरलं.

पत्रिका राजरत्ननंच केली. नवरदेवाचं नाव पुन्हा पुन्हा तपासलं. गठ्ठा न्यायला दीक्षा आत आली, आण्णा बाहेर रिक्षात बसून राहिले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "संगणक हळू चालायचा तवा मला वाटायचं, तुमीच मुद्दाम तसा ठेवलाय."

राजरत्न गठ्ठ्याची सुतळी आवळत राहिला.

"मग एकदम पळाया लागला. म्हणलं, आता येऊ नका असं सांगतायसा."

बाळासोंचं, सिद्धूच्या पत्रिकेचं सगळं त्याच्या ओठांवर आलं. तेवढ्यात आण्णांनी हाक मारली.

"जड हाय," राजरत्न म्हणाला, आणि गठ्ठा उचलून रिक्षापर्यंत पोचवायला गेला.