कॉफी पिणारी टिटवी

फ्रिसियन भाषा मला येते, असं मी पाच वर्षं छाती फुगवून सांगत होतो. मी मूळचा रॉटरडॅमचा, ट्राम चालवणारा. सित्स्केशी लग्न केलं आणि इकडे फ्रिसलंडात, सासऱ्यांच्या गायींत येऊन पडलो. "भाषा काय, ट्रामसारखी असते," मी म्हणायचो, "एकदा रुळावर आली की धावतेच!"

मार्चमध्ये ती घसरली.

त्या सकाळी सासरे, वोब्बेबाबा, दाढ काढायला शहरात गेले होते. सित्स्के दुकानात. फोन वाजला. बाबांचं अर्धं तोंड बधिर होतं. तोंडात बटाटा ठेवून भाषण करावं तसा आवाज!

"मागच्या कुरणात लिप बसलंय! माणूस... काठ्या... डर्कला आत..."

आणि फोन बंद!

आमच्या रॉटरडॅमच्या बोलीत 'लिप' म्हणजे ठार वेडा. कुरणात वेडा, हातात काठ्या! डर्क आमचा शेजारी, आमच्या कुरणांत खत टाकणारा, बैलासारखा दणकट. त्याला मदतीला आत बोलव, हे उघडच होतं! मी त्याला फोन केला, "ताबडतोब ये!" आणि कुरणाकडे धावलो.

खरंच, गवतात एक गृहस्थ पालथे पडले होते. शेजारी बांबूच्या काठ्या. वर एक पक्षी किंचाळत घिरट्या घालत होता.

"शू! खाली वाका!" ते कुजबुजले. "आई घाबरलीय."

"कोणाची आई?"

"चौघांची! अजून बाहेर यायचीत."

मी आवाज मऊ केला. "काका, तुमचं नाव काय?"

"किविट."

मी दोन पावलं मागे सरलो. आमच्याकडे किविट म्हणजे टिटवी! ते आडनावही असतं, हे अशा वेळी कोणाला सुचतंय! माणूस स्वतःला टिटवी समजत होता. डोक्यावर मागे, आमच्याकडच्या टिटवीला असते तशी, केसांची शेंडीसुद्धा उभी!

"किविटसाहेब, बाहेर गार आहे. चला, आत कॉफी घेऊ."

"दूध घालून?" ते आनंदाने उठले. मी हळूच रोवलेल्या-न रोवलेल्या सगळ्या काठ्या गोळा केल्या. हत्यारं होती ना! आणि त्यांना मेंढ्यांच्या गोठ्यात सोडून कडी घातली. आतून दार बडवायला लागले, तसा माझा उरलासुरला संशयही फिटला.

तेवढ्यात डर्क आला. शेणखताचा अवाढव्य टँकर घेऊनच!

"लिप कोंडलाय!" मी विजयी आवाजात ओरडलो.

डर्क थक्क. "कोंडलंस? कसं पकडलंस?"

"कॉफीचं आमिष दाखवून."

"कॉफी पितं?"

"दूध घालून!"

डर्कने टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं. मग खांदे उडवून म्हणाला, "मग आता कुरण मोकळंच. खत टाकून घेतो." आणि टँकर आत गेला.

सायकल फेकून सित्स्के धावत आली. "अरे, त्याला थांबव! डर्कला आत सोडू नका म्हणून बाबांनी मलाही फोन केला. आत लिपचं घरटं आहे!"

"वेडा घरटं करतो?"

"लिप म्हणजे टिटवी, अरे गाढवा! आमच्या भाषेत टिटवी! पक्षीसंरक्षणाचा माणूस घरट्याभोवती खुणेच्या काठ्या लावायला येणार होता. कुठे आहेत काठ्या?"

काठ्या माझ्या काखेत होत्या.

टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. आमच्याकडे समुद्र माणसांनी आटवला, कुरणं केली, आणि त्यातली वीतभर जागा तिने धरली होती. ती नेमकी कुठे, हे फक्त गोठ्यातल्या माणसाला ठाऊक!

कडी ओढली, तर अडकली! सित्स्केने दगडाने ठोकली. किविटसाहेब अंगभर लोकर घेऊन बाहेर आले आणि घरट्याच्या दिशेने सुसाट पळाले. मी हात हलवत टँकरसमोर धावलो. डर्कने दचकून ब्रेकऐवजी भलताच दांडा ओढला. माझ्या अंगावर शेणखताचा असा फवारा बसला, की मी कोण, कुठला, कोणत्या भाषेचा, काही कळेना!

पण टँकर थांबला. चाकापुढे हातभर अंतरावर चार ठिपकेदार अंडी होती. आम्ही सगळे मागे सरकलो. टिटवी खाली उतरली, माझ्याकडे तुच्छतेने बघून अंड्यांवर बसली. सित्स्केने डोळे पुसले. मीही पुसणार होतो, पण हात त्या लायकीचे नव्हते.

आता तक्रार होणार, म्हणून मी अंघोळ करून किविटसाहेबांपुढे मान खाली घालून बसलो. त्यांनी दूध घातलेली कॉफी शांतपणे संपवली.

"माणसाला गोड बोलून कोंडण्याचं असं कसब मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "पिल्लांना खरा धोका गावातल्या मांजरांचा असतो. पिल्लं उडायला लागेपर्यंत ती मांजरं घरात कोंडायचं काम तुमच्याकडे!"

तेव्हापासून हातात मासा घेऊन, अस्खलित फ्रिसियनमध्ये लाडीगोडी लावत मी रोज गावभर फिरतो. पण किविटसाहेब पहिल्या हाकेला आले होते, मांजरांचं तसं नाही. अजून एकही आलेलं नाही.