तीन पट परीघ

वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट असावा हे आमच्या गावात ग्रामसभा ठरवते, आणि परवाच्या सभेत तो बरोबर तीन पट करण्यात आला. आधी तो तीन पटींहून जरासा जास्त होता. "जुने गणितीसुद्धा आधी तीनच धरायचे," सरपंच भगवंतराव म्हणाले. "अपूर्णांकाची कटकट हवीय कुणाला?"

ठराव मंजूर होताच गावातली सगळी वर्तुळं षटकोनी झाली. परीघ व्यासाच्या बरोबर तिप्पट भरतो तो षटकोनाचाच, मग दुसरं काय होणार? गाड्यांची चाकं आदळू लागली, भाकऱ्यांना सहा कोपरे आले. तिथवर आम्ही हसून घेतलं.

पण माझ्या भाचीला, वेणूला, त्याच सकाळी लग्नाचा हिरवा चुडा भरला होता. काचेच्या बाजू आत सरकल्या आणि मनगटांत रुतल्या. बघता बघता पोरीची बोटं काळीनिळी पडली.

"फोडा त्या बांगड्या!" मी ओरडलो.

"लग्नाचा चुडा फोडायचा? अरे दादा, काय बोलतोस हे!" माझी बहीण इंदू म्हणाली. तिच्या मनगटांचीही तीच गत होती. गावातल्या प्रत्येक सवाष्णीची होती.

वेणूला धरून आम्ही चावडीवर नेलं. तातडीची सभा भरली. उपाय शाळेच्या गुरुजींना ठाऊक होता. पूर्वीचे गणिती बाजू दुप्पट करत जायचे. सहाच्या बारा, बाराच्या चोवीस, असं करत ते शहाण्णवपर्यंत पोचले होते. दर वेळी परीघ थोडा वाढतो आणि आकार गोलाकडे जातो.

"बारा बाजू ज्यांना मान्य असतील त्यांनी हात वर करावेत," सरपंच म्हणाले.

निम्म्याच पुरुषांनी हात वर केले. उरलेल्यांना तीनचा हिशेब सोपा पडत होता! सवाष्णींना तर हात उचलताच येईनात. मी इंदूचा हात धरून वर केला.

"दुसऱ्यानं उचललेला हात मोजता येत नाही," सरपंच शांतपणे म्हणाले.

समोर पोरीचा हात जात होता आणि हा माणूस नियम सांगत होता.

तेवढ्यात मागून एक हात वर आला. वेणूची विधवा आत्या, कोंडाबाई. चुडा भरताना तिला माजघरात बसवून ठेवलं होतं, रीतच तशी. तिची मनगटं मोकळी होती. तिच्या पाठोपाठ गावातल्या साऱ्या विधवांचे हात वर आले.

ठराव मंजूर झाला. काचा कुरकुरल्या आणि बारा बाजूंच्या झाल्या. वेणूनं एक बोट हलवलं.

"झालं ना? हात खाली घ्या आता," सरपंच म्हणाले.

कोंडाबाईनं हात खाली घेतला नाही.

"चोवीस," ती म्हणाली.