देवस्थळी काकांची डिस्टिलरी

देवस्थळी काका दारूचा थेंबही घेत नाहीत, पण त्यांच्यासमोर कोणी पेला उचलला की त्याला ती दारू कशी झाली हे पहिल्यापासून ऐकावं लागतं. बर्फ वितळतो, भजी थंड होतात, आणि काका अजून बार्ली, म्हणजे आपला सातू, भिजवत असतात.

काका सिंगापुरात, वुडलँड्सला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि वन-नॉर्थच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासतात. काही वर्षांपूर्वी ते सुधाकाकूंना घेऊन स्कॉटलंडला गेले. बाकीचे लोक तिथून किल्ल्यांचे फोटो आणतात. काकांनी सिंगल माल्ट व्हिस्कीची एक जुनी डिस्टिलरी डोक्यात भरून आणली. "तिकडे घाईचं नाव नाही हो," हे त्यांचं पालुपद. मग सातू भिजवून जमिनीवर पसरणं, मोड यायला लागले की लाकडी फावड्यानं उलटणं, दलदलीतली सुकी माती जाळून तिच्या धुरावर वाळवणं, मग ते दारू गाळायचं तांब्याचं भांडं. एकदा आमचा एक मित्र खुशीत येऊन 'पहिल्या धारेची' म्हणाला, तर काका दुखावले. "पहिली धार बाजूला काढतात. शेवटचीही. पिंपात जाते ती फक्त मधली. आणि पिंपातूनही दरवर्षी थोडी उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात." आमचा वाटा मात्र टेबलावर तसाच पडून होता.

इथवर ठीक होतं. गेल्या महिन्यात काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालं. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात त्या सलाइनवर पडून होत्या आणि काही खाईनात. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेल्याशिवाय ताकद येणार नाही आणि घरीही सोडता येणार नाही. मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मऊ भात नेला, सूप नेलं. डबे जसेच्या तसे परत. आणि अशा वेळी काका ओल्या सातूची पातेली घेऊन आमच्या दारात उभे.

"तुमचा हॉल सावलीत आहे. आमच्याकडे ऊन येतं, दाणे तापतात."

मला नाही म्हणता आलं नाही, ही माझी नेहमीची रड. हॉलभर चादरींवर सातू पसरला. आम्ही भिंतीला चिकटून चालू लागलो. माझ्या ऑफिसच्या मीटिंगा स्वयंपाकघरात, कुकरच्या शेजारी. मुलगी दारातून विचारायची, "बाबा, सोफ्यावर कॅन सिट ऑर नॉट?" काका सकाळ-संध्याकाळ यायचे, गुडघे धरत खाली बसायचे, लाकडी उलथन्यानं दाणे उलटायचे आणि चष्मा वर करून मोड बघायचे. एक खेप दमट हवेनं बुरशी लागून फुकट गेली. मला वाटलं, सुटलो. काका दुसरी घेऊन आले.

मोड मनासारखे आले तसे ते दाणे त्यांनी आपल्या ओट्यावर, नारळाच्या शेंड्यांच्या धुरावर वाळवायला घेतले. धूर कॉरिडॉरभर. शेजारची चिनी आंटी धावत आली. "अंकल, फायर आह?"

"नो फायर, ओन्ली स्मोक," काका शांतपणे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "काका, तिकडे काकू अन्नाला शिवत नाहीत आणि तुम्ही इथे दारू गाळायचे खेळ मांडलेत?"

"दारू कुठे? मी त्याच्या आधीच थांबणार आहे." ते दाणे चोळून मुळं झाडत राहिले. "उद्या तू येशील का बरोबर? मला एकट्याला धीर होत नाही."

गेलो. रागातच गेलो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, काका मांडीवरचा थर्मास दोन्ही हातांनी धरून बसले होते. नोव्हेना येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरलो.

वॉर्डात त्यांनी थर्मास उघडला. डॉक्टरांना विचारून, त्याच सातूच्या पिठाची दुधागुळातली पातळ खीर केली होती. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. वास आला तशा त्या वळल्या.

"हे तिकडचं?" त्या पुटपुटल्या. मग मला म्हणाल्या, "अरे, त्या डिस्टिलरीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या हातावर गरम दाणे ठेवले होते. मी म्हटलं, हे तर माझ्या आईचं नाचणीचं सत्व. तीही असंच भिजवायची, मोड आणायची, वाळवायची. ह्यांना सांगत होते, पण ह्यांचं लक्ष कुठे? हे आपले तांब्याच्या भांड्याकडे."

लक्ष होतं, हे मला त्या थर्मासकडे बघून कळलं, आणि मी मनातल्या मनात ओशाळलो.

एक चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला काकूंच्या कपाळावर आठी पडली. "करपलंय. गूळही कमी आहे. आणि हा शर्ट कसला घातलाय, इस्त्रीसुद्धा नाही."

काका खाली बघून खीर ढवळत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी हळूच म्हटलं, "काका, खाल्लं ना त्यांनी."

"ते आहेच रे," ते म्हणाले. "पण घरात इतके दिवस मला कोणी काही बोललंच नव्हतं."