उतरणं उद्या

"आई, तू आता जरा स्वतःचा शोध घे," असं मुलगी फोनवर म्हणाली आणि वहिनींच्या हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला.

घरात काही हरवलं की शोधायचं काम पहिल्यापासून वहिनींचंच. नवऱ्याच्या किल्ल्या, सासूबाईंची कवळी, मुलीचा एकच पायमोजा, सगळं आजवर त्यांनीच हुडकून दिलं होतं. आता त्या स्वतःही हरवल्यात आणि तेही त्यांनाच शोधायचंय, हे ऐकून त्यांना आधी दमल्यासारखं झालं. पण मुलगी खोटं बोलत नव्हती. ती शिकायला परगावी गेल्यापासून दुपार संपता संपत नसे. पन्नाशी उलटली होती. कधी कधी केस विंचरताना आरशातली बाई अशी बघायची, जणू हिला कुठेतरी पाहिलंय पण नाव आठवत नाहीये.

वहिनींच्या नवऱ्याचं बागेसमोर चष्म्याचं दुकान होतं. पुढच्या खोलीत तो लोकांचे डोळे तपासून नंबर काढायचा. मागच्या टेबलाशी बसून वहिनी फ्रेममध्ये काचा बसवायच्या, काड्या गरम करून कानामागे नीट वाकवायच्या. पाटीवर नाव नवऱ्याचं. वहिनींना सगळा बाजार वहिनी म्हणायचा. नक्की कुणाच्या वहिनी, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

तर वहिनींनी शोध सुरू केला. आधी चित्रकलेचा वर्ग लावला. रंगीत ठिपक्यांचं एक मोठं चित्र काढून त्यांनी मोठ्या हौसेने दुकानात लावलं. पहिल्याच गिऱ्हाइकाला तो रंगांधळेपणा तपासायचा तक्ता वाटला. त्याने डोळे बारीक करून बघितलं आणि सांगितलं, "आठ. की तीन?" दुसऱ्याला त्यात काहीच आकडा दिसेना, तेव्हा तो घाबरून थेट मोठ्या डॉक्टरकडे गेला. चार दिवसांनी चौकट फुटली म्हणून नवऱ्याने चित्र उतरवलं. मग वहिनींनी श्वासाचा वर्ग लावला. तिथे डोळे मिटून आत आत जायचं होतं. वहिनी इतक्या आत गेल्या की त्यांच्या घोरण्याने बाकीचे सगळे बाहेर आले.

शेवटी नजर गेली ती जिन्याखाली धूळ खात पडलेल्या मुलीच्या सायकलवर. लहानपणी भाऊ सायकल शिकला तेव्हा वहिनी मागून सीट धरून पळाल्या होत्या. मुलगी शिकली तेव्हाही त्याच पळाल्या. सायकल त्यांना फक्त मागून ठाऊक होती.

वरच्या मजल्यावर शाळेतल्या व्यायामाच्या निवृत्त बाई राहत. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. त्यांनी वहिनींना इमारतीमागच्या मैदानात सकाळी शिकवायचं कबूल केलं. शिस्त कडक. एकेका दिवशी एकेकच धडा. पहिला तोल सांभाळायचा, दुसरा पॅडल मारायचा, तिसरा वळायचा. आणि तोही फक्त उजवीकडे, कारण डावीकडे नळाचा खड्डा होता.

"सायकलवर बोलायचं नाही," शिट्टीबाईंनी बजावलं होतं. "तोंड उघडलं की तोल गेला. आणि ब्रेकला हात लावायचा नाही. तो धडा उतरण्याबरोबर."

"बाई, मग आत्ता उतरू कशी?"

"मी आहे ना धरायला! उतरणं उद्या."

आणि त्याच दुपारी ते घडलं. वहिनींना लाँड्रीत कपडे टाकायचे होते. भलंमोठं गाठोडं त्यांनी सायकलच्या बास्केटमध्ये कोंबलं आणि सायकल हातात धरून चालत निघाल्या. मनात काही काळंबेरं नव्हतं. पण रस्ता रिकामा होता आणि पुढे छान उतार होता. सकाळी मारलेल्या गोल फेऱ्या अजून अंगात होत्या. नुसतं बसून बघू, असं म्हणून त्या बसल्या.

बसल्या त्या निघाल्याच.

उताराने सायकलला जो काही वेग दिला त्यात लाँड्री आली आणि गेलीही. लाँड्रीवाल्याने हात केला. वहिनींना वाटलं, ओरडावं, "धरा मला!" पण तोंड उघडायची बंदी. घाबरून त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेक असा किंचाळला आणि सायकलने असा हिसका दिला की वहिनींनी तो विस्तवासारखा सोडून दिला. उतार संपला तिथे रस्ता बागेभोवती गोल फिरत होता, बाग उजव्या हाताला. उजवीकडे वळणं तेवढं येत होतं. वळल्या. गोल रस्त्याचा गुण असा की एकदा वळलं की वळतच राहावं लागतं. पाय थांबवले तर पडणार, म्हणून वहिनी पॅडल मारत राहिल्या.

दुकानात त्या वेळी नवरा एका कॅशियरचा नंबर काढत होता. कॅशियरच्या नाकावर तपासणीची जड लोखंडी फ्रेम होती आणि तिच्यात दोन-दोन काचा.

"हे स्पष्ट, की हे?"

"दुसरं जरा बरं होतं. म्हणजे पहिलं. अहो, समोरून त्या सायकलवर वहिनी गेल्या का?"

"काहीतरीच काय! तिला कुठे सायकल..." म्हणत नवरा वळला, तर खरोखरच वहिनी. पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ समोर. आणि पुढ्यात गाठोडं.

"अगं! कुठे निघालीस?"

वहिनींनी उत्तर दिलं नाही. मानही वळवली नाही. तशाच झाडांआड दिसेनाशा झाल्या.

नवरा हिशेब करू लागला. महिनाभर ही स्वतःचा शोध घेतेय. चित्र झालं, श्वास झाला. कालच तो जेवताना म्हणाला होता, "सापडलीस की मला कळव, चहा करायचाय." त्या वेळी तो स्वतःच हसला होता. आता हसू येईना. बाई बोलत नाही, बघत नाही, कपड्यांचं गाठोडं घेऊन निघालीय. याचा अर्थ दुसरा काय होतो?

तो रस्त्यावर आला. नाकावरच्या फ्रेमसकट कॅशियरही मागोमाग आला. "मला दोन वहिनी दिसताहेत," तो म्हणाला, "पण दोघीही रागावलेल्या आहेत."

तेवढ्यात पलीकडून फेरी पूर्ण करून वहिनी पुन्हा आल्या. नवरा शेजारून धावू लागला. सायकल धरावी असं त्याच्या मनात आलं, पण रागावलेल्या बाईची सायकल धरायची त्याची छाती होईना.

"अगं, ते चहाचं मी गमतीत म्हणालो!"

वहिनी गप्प.

"बरं, गंमत नव्हती ती. चुकलंच माझं!"

वहिनी गप्प. मनात मात्र त्या म्हणत होत्या, अहो, धरा की!

ही शांतता पाहून नवरा पुरता हादरला. हिला सगळंच कळलेलं दिसतंय, अशी त्याची खात्री झाली. मग धावता धावता त्याने एकेक कबूल करायला सुरुवात केली. "चित्राची चौकट फुटली नव्हती, मी मुद्दाम उतरवलं! गिऱ्हाइकं पळायला लागली होती! आणि तुझी ती निळी बरणी मांजराने नाही, मी फोडली! मांजराला उगाच घराबाहेर काढलंस तू!"

वहिनींचे डोळे मोठे झाले. मांजराला त्यांनी दोन दिवस दूध दिलं नव्हतं.

बागेच्या फाटकाशी बाकावर सासूबाई मैत्रिणींबरोबर बसल्या होत्या. सून सायकलवर, मुलगा मागे धावतोय, त्याच्या मागे डोळ्यांवर लोखंड लावलेला एक माणूस, अशी मिरवणूक त्यांच्यासमोरून गेली.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

"ही घर सोडून चाललीय!" मुलगा ओरडला.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मग काठी टेकत उठल्या आणि हाक मारली, "अगं थांब! मी पण येते!"

"आई, तू कुठे चाललीस?"

"ती जाईल तिकडे. तुझ्या हातचा चहा प्यायला मी इथे थांबू?"

पुढच्या फेरीपर्यंत नवऱ्याने मुलीला फोन लावला होता आणि तो हातात उंच धरून धावत होता. फोनमधून मुलीचा आवाज येत होता, "आई, शोध घे म्हणजे घर सोड असं नाही म्हणाले मी! बाबा, काय केलंत तुम्ही तिला?"

"मी काही नाही केलं!"

"तेच! काहीच करत नाही तुम्ही!"

आता नवऱ्याला धाप लागली होती. बोलणं तुटक येत होतं. "हे बघ... तुला जायचंच असेल... तर जा. पण एक ऐकून जा. मला नंबर काढता येतो. तो कुणालाही येतो, यंत्र आहे. पण चष्मा माणसाच्या... नाकावर बसवणं मला जमत नाही. लोक तुझ्या हातासाठी येतात. ती शेजारच्या गावची म्हातारी... तीन दुकानं ओलांडून येते. म्हणते, बाईंनी वाकवलेली काडी कानाला टोचत नाही. मला म्हणते. मी तुला... सांगितलंच नाही कधी. मला वाटलं, तुला माहीत असेल."

वहिनींना माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या मागच्या टेबलाशी मान खाली घालून बसल्या होत्या. काडी गरम करायची, माणसाच्या कानामागचं हाड बोटाने चाचपायचं, हळू वाकवायचं, पुन्हा घालून बघायचं. हे कुणाच्या लक्षात येत असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. आता हँडल सोडून डोळे पुसता येईनात आणि न पुसता रस्ता दिसेना.

"अगं, रडू नकोस! समोर बघ, समोर!"

इतक्यात शिट्टीचा कर्कश आवाज घुमला. लाँड्रीवाल्याने वर्दी दिल्यावर शिट्टीबाई चपलाही धड न घालता आल्या होत्या. शिट्टी वाजताच रस्त्यावरचं सगळं थांबलं. एक रिक्षा थांबली, एक हातगाडी थांबली, कॅशियर थांबला. वहिनी सोडून सगळे थांबले.

"बघत काय बसलात!" शिट्टीबाई नवऱ्यावर ओरडल्या. "मागून सीट धरा! तिला उतरता येत नाही!"

नवऱ्याने फोन खिशात कोंबला आणि दोन्ही हातांनी सीट पकडली. वहिनींना मागे ओढ जाणवली. मागे कुणीतरी आहे, आपण पडणार नाही, हे सायकलवर बसून पहिल्यांदाच त्यांना कळलं. पाय आपोआप थांबले. सायकल झोकांड्या खात कडेच्या कुंपणाच्या झुडपात शिरली आणि तिथे विसावली. गाठोडं उडालं, सुटलं आणि कपडे रस्ताभर पसरले.

नवरा धापा टाकत ते गोळा करू लागला. एक उचलला, दुसरा उचलला. मग तो गोंधळून उभा राहिला.

"हे तर माझे शर्ट आहेत."

"आणि ही माझी चादर," सासूबाई म्हणाल्या.

"घर सोडून जाताना तू माझे शर्ट घेऊन निघाली होतीस?"

"सोडून जाईल बिचारी," सासूबाई म्हणाल्या, "पण सवय कशी सुटेल?"

आता तोंड उघडायला हरकत नव्हती. "अहो, मी कपडे टाकायला निघाले होते!" वहिनी झुडपातूनच म्हणाल्या. "बोलले असते तर पडले असते!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नवऱ्याचा चेहरा उतरला, मग चढला, मग पुन्हा उतरला, कारण बरणीची गोष्ट आता परत घेता येणार नव्हती. त्याच्या खिशातून मुलगी ओरडत होती, "कुणी मला सांगेल का काय चाललंय?" आधी वहिनी हसल्या. मग त्यांना हसू आवरेना. नवरा कुंपणाच्या कठड्यावर बसून हसला, रिक्षावाला हसला. कॅशियर कुणाकडे बघून हसावं ते न कळल्याने झाडाकडे बघून हसला.

केसांतली पानं झटकत वहिनी दुकानात गेल्या. कॅशियरला त्यांनी खुर्चीत बसवलं, त्याच्या नाकावरचं लोखंड उतरवलं आणि त्याच्या मुलाचा, गेल्या आठवड्यात सांगितलेला आणि आता तयार झालेला चष्मा हातात दिला. "उद्या मुलाला पाठवा," त्या म्हणाल्या. "कान बघितल्याशिवाय काडी वाकवता येत नाही." हे वाक्य त्या रोजच म्हणायच्या, पण आज स्वतःलाच जरा मोठ्याने ऐकू आलं. पुढच्या खोलीतून नवरा बघत होता. त्याने उठून चहाचं आधण ठेवलं. चहा फार वाईट झाला होता. वहिनींनी आपला कप संपवला, आणि माग काढत दुकानाच्या दाराशी आलेल्या मांजराला मात्र उरलेला दिला नाही. त्याच्यावर आधीच खूप अन्याय झाला होता. त्याला त्यांनी वाटीभर दूध दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जरा उशिराच मैदानात पोचल्या. शिट्टीबाई वेळेवर हजर होत्या. सायकल स्टँडवर लावलेली होती आणि तिच्या सीटवर, काठी बास्केटमध्ये ठेवून, सासूबाई ऐटीत बसल्या होत्या. नवरा घाबरून दोन्ही हातांनी मागचं चाक धरून उभा होता.

"अहो आई, हे काय?" वहिनींनी विचारलं.

"तू नेशील या भरवशावर कुठवर राहायचं?" सासूबाई म्हणाल्या, आणि शिट्टीबाईंकडे वळून त्यांनी घंटी वाजवली. "हिला शिकवलंत तसं मला नको हं. मला आधी उतरायला शिकवा. चालवायचं मग बघू."