सात तलंगांचा कायदेशीर प्रवेश

जगातली कोणतीही जागा आपण तिच्यात शिरेपर्यंत ऐसपैस असते आणि आपण बूड टेकलं की लगेच भरते. हे सत्य श्री. सिचोने यांनी टांझानियाच्या हद्दीवरच्या एका नाक्यावर उभी हयात शिक्के मारून मिळवलं होतं. निवृत्त झाल्यावर शिक्का सरकारजमा झाला, मनगट मात्र घरी आलं. जेवताना न्शिमाच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीच्या, गोळ्यावर ते अंगठा असा दाबत, की त्या गोळ्याला पोटात जायला आता कोणाची हरकत उरू नये.

अशा माणसाच्या घरी मेहुणीने सात तलंगा पाठवल्या. (तलंग म्हणजे अंडं द्यायला न लागलेली, पण खायला लागलेली तरुण कोंबडी.)

"तिन्हीसांजेला नेऊन खुराड्यातल्या दांडीवर बसवा," त्यांची बायको म्हणाली. तिला सगळा गाव मुटालेची आई म्हणे, आणि सिचोनेही तेच म्हणत. "सकाळी जुन्यांना वाटेल, ह्या कालही इथंच होत्या. कोंबडीला कुठं मोजता येतं?"

"अंधारात? त्याला घुसखोरी म्हणतात, मुटालेच्या आई! आणि ती माझ्या घरात?"

"घर तुमचं असेल. खुराडं माझं आहे."

तरीही काम रीतसर सुरू झालं. खुराड्यात जाळीची आडभिंत उभी राहिली. अलीकडे जुन्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा, पलीकडे अर्जदार. प्रत्येकीचे पंख उचलून उवा तपासण्यात आल्या, राख चोळण्यात आली, प्रवेशाचा हेतू विचारण्यात आला. (सातांपैकी सातजणींचा हेतू: खाणं. एवढा प्रामाणिकपणा सिचोनेंना नाक्यावर कधी आढळला नव्हता.) जुन्यांचा आक्षेपही ऐकून घेतला गेला. त्यांची म्होरकी मॅडम हिचं म्हणणं असं, की दांडीवर जागा नाही. दांडी निम्मी मोकळी होती. परंतु मोकळी जागा ही जुन्यांना पंख पसरायला लागते, हे तिने जाळीतून एका तलंगेला टोचून सप्रमाण सिद्ध केलं. कोंबड्याकडे कायदा आणि सुव्यवस्था हे खातं असल्यामुळे तो या काळात छपरावर होता.

जाळी उघडण्याच्या समारंभाला शेजारचे सिमुकोंडा पाहुणे म्हणून आले. सिचोनेंनी कोट चढवला. (खाली अर्धी चड्डीच होती.) "भगिनींनो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या शब्दाआधी पहिलं रक्त सांडलं. मध्यस्थीला आत शिरलेल्या सिचोनेंच्या नडग्यांवर दोन्ही पक्षांनी समान हक्काने चोची चालवल्या.

"साहेब, सगळ्यांना रॉकेल चोळा," सिमुकोंडांनी कुंपणाबाहेरून सुचवलं. "एकच वास आला की कोण जुनी, कोण नवी, कळायचं नाही."

समतेचा हा प्रयोगही झाला. एकच वास आल्यामुळे कोणालाच आपलं माणूस ओळखू येईना, आणि मॅडमला तिच्या जन्माच्या मैत्रिणींनीच सोलून काढलं.

"ती मला दिवसाआड अंडं देते!" मुटालेची आई कडाडली. "तुम्ही घरी बसल्यापासून काय दिलंत?"

सिचोने खुराड्यात शिरले. त्यांनी मॅडमला मांडीवर घेतलं, मिठाच्या पाण्याने जखमा धुतल्या, आणि जाळीआड तिची वेगळी सोय केली. दुपारभर ते तिच्याजवळ बसत, हातावर मका धरत. मॅडम खाई. कोणी सही मागत नसे.

पिसं भरल्यावर ती परत गेली, तर साती तलंगा तिच्यावर तुटून पडल्या. कारण जुनंच, जागा नाही. उरलेल्या चार जुन्यांनी अनुमोदन दिलं.

"अगं, ही इथली आहे!" सिचोने ओरडले. "तुम्ही हिच्यानंतर आलात!"

सेवाज्येष्ठता ग्राह्य धरली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी कोंबड्यांसाठी कोंडा आणायला ते सीमेपलीकडे निघाले. नाक्यावर त्यांच्या जुन्या खिडकीत एक मुलगी बसली होती.

"काका, रांगेतून या."

"बाळ, मी ह्याच खिडकीत बसायचो."

"सगळे तेच सांगतात. हेतू काय?"

"खाणं," सिचोने म्हणाले, आणि मुकाट्याने मागे जाऊन उभे राहिले.

"एवढा उशीर?" घरी बायकोने विचारलं.

"गर्दी होती."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे काही न विचारता ताट वाढलं. जेवून त्यांनी जाळी काढून गुंडाळली. मार खाणारीला लपता यावं म्हणून कोपऱ्यात फांद्यांचा ढीग रचला. दाण्याचं दुसरं भांडं ठेवलं. भांडणं थांबली नाहीत, पण रक्त थांबलं. मॅडमला दांडीचं अगदी टोक मिळालं.

"आता माणसांत आलात," मुटालेची आई म्हणाली.

"कोंबड्यांत," सिचोनेंनी दुरुस्ती केली.

पुढच्या हंगामात मेहुणीने आणखी दोन तलंगा पाठवल्या. त्यांना पहिली चोच कोणी मारली? दांडीच्या टोकावरून खास उतरून, मॅडमने.

कोंबडीला अक्कल नसते, तेव्हा तिला माफ आहे. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवून हे वाचत बसलेल्यांनीही ती उचलायची गरज नाही. जागा मागायला कोणी आलंच, तर तिथं कोणीतरी येणार आहे, असं आम्ही सांगू.