यजमान संस्था, प्रताप नगर

अनुभव कुणालाही घेता येतो. सिद्ध करायला मात्र शिक्का लागतो. याच पायावर पुण्याच्या एका विद्यापीठाने आपलं ‘जयपूर सत्र’ उभं केलं आहे. विद्यार्थ्याने सहा महिने जयपुरात राहायचं, एखाद्या यजमान संस्थेत काम करायचं आणि बारा क्रेडिट्स घेऊन परतायचं. संस्था शोधून देण्याची जबाबदारी विद्यापीठाची. (त्यासाठी तिथल्या जगतपुऱ्यात एक खोली, एक टेबल आणि मधुमती मॅडम यांची तरतूद आहे.)

आजवर शंभर टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली. विषयाशी संबंध पाहूनच ती दिली जाते. वनस्पतिशास्त्राचा निहार यंदा एका हॉटेलात कुंड्यांशेजारी उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करतो.

राहिली सूक्ष्मजीवशास्त्राची तनया. शुक्रवारपर्यंत जागा मिळाली नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. तिने अकरा प्रयोगशाळांना लिहिलं. नऊ गप्प राहिल्या, दोघींनी आधीचा अनुभव विचारला. मॅडमनी फाइल मिटली.

“इथे तुझं कुणी आहे का गं?”

“राहते त्या घरचे काका आहेत. प्रताप नगरला.”

“शिक्का आहे त्यांच्याकडे?”

होता. विमा कंपनीतून निवृत्त झालेले पंढरीनाथकाका कॉलनीच्या सोसायटीचे सचिव होते. त्यांचं जेवणाचं टेबल त्याच संध्याकाळी यजमान संस्था झालं.

पण काकांनी हे सगळं खरं मानलं. (कार्यक्रमाच्या इतिहासात असं प्रथमच घडलं.) साडेनऊला हजेरी सुरू झाली. शेजारच्या खोलीतून नऊ पस्तीसला आलेल्या तनयाच्या नावापुढे लाल फुली पडली.

“काका, मी इथेच तर होते.”

“मतलब, घरी होतीस. ऑफिसात नव्हतीस.”

काम ठरलं ते कॉलनीतल्या चौसष्ट टाक्यांचं पाणी तपासण्याचं. पाणी तपासणीचं औषध घातलेल्या बाटलीत भरून ठेवायचं; दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात जंतू आहेत, ते पिऊ नये. तनयाने प्रत्येक टाकी तीनदा तपासली आणि अठ्ठेचाळीस पानांचा अहवाल लिहिला. काकांनी त्याला आवक क्रमांक दिला आणि तो कपाटात नीट ठेवला.

पुण्याला पाठवलेली दुसरी प्रत पाहून विद्यापीठाची समिती गोंधळली. त्यात आकडे होते. इतरांच्या अहवालांत नुसतं ‘खूप शिकायला मिळालं’ होतं. समितीने मग हजेरी मोजली, पानांचे समास मोजले. शिक्का गोल हवा होता, तो लंबगोल निघाला. उपसमिती नेमली गेली. चार दिवस तनयाला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी लंबगोल हा गोलाचाच प्रकार ठरला आणि बारा क्रेडिट्स मंजूर झाली.

कॉलनीने सत्कार केला. मिठाई म्हणून घेवर आला, त्यामागून कॉलनीतल्याच टाकीचं पाणी आलं. तनयाने पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. का, ते कुणी विचारलं नाही.

वाचकांनाही दोष देता येत नाही. मुलीचं वर्ष वाचलं, त्यांचा जीव भांड्यात पडला. बाटल्या किती काळ्या पडल्या, हे त्यांनीही अजून विचारलेलं नाही.