गाडीत अडकलेला दादा

नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस अख्ख्या रोहा तालुक्यात एकच आहे, आणि तो म्हणजे मी, नाथा! उभा जन्म यष्टी चालवली. त्यामुळे पेणहून सगुणावहिनीचा फोन आला, "भावजी, ह्यांची गाडी हलत नाय," तेव्हा मी बायकोला ऐटीत सांगितलं, "दुपारी वहिनीला त्याच गाडीतून घेऊन येतो. भात जास्त टाक!"

काळुरामदादा माझा थोरला भाऊ. डावा पाय अधू झाला म्हणून त्याने ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. क्लच नाही. दांडी 'डी'वर ओढली की गाडी आपली आपण गिअर टाकते. दादा गेल्यापासून ती दारात उभी होती आणि वहिनी घरात चहावर दिवस काढत होती. तिला रोह्याला आणायचं आणि पोटभर जेवू घालायचं, एवढंच मला हवं होतं.

पेणला पोचलो. गाडी सुरू झाली. दांडी डीवर ओढली. गाडी ढिम्म! इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, गिअरच्या तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. तेल बरोबर खुणेपर्यंत!

"तेल भरपूर आहे," मी जाहीर केलं. "यंत्रात दोष नाही."

"मग?"

यष्टीत अशा वेळी आम्ही प्रवाशांना धक्का मारायला खाली उतरवायचो.

वहिनी एकदम म्हणाली, "भावजी, ह्यांचा जीव अडकलाय हिच्यात!"

तिला असं वाटायला कारण होतं. दहाव्याला लोकांचे कावळे दुपारपर्यंत तंगवतात. नातेवाईक हात जोडून गेलेल्याच्या इच्छा पुऱ्या करायचं कबूल करत बसतात. आमच्या दादाचा कावळा मात्र पिंड ठेवायच्या आधीच हजर! सगळे म्हणाले, तृप्त होऊन गेला. वहिनी त्या दिवसापासून कुढत होती. माझ्यासाठी म्हणून हा माणूस जरासुद्धा अडकला नाही?

आता अडकला होता. वहिनी लगबगीने गाडीत येऊन बसली.

"तुमी बोला आधी. सख्खे भाव हाव तुमी."

मी दांडी डीवर ठेवून हात जोडले. "दादा, वहिनीला अंतर देणार नाही!" ढिम्म. "बांधाचं भांडण मिटवतो!" ढिम्म. "तुझ्या फोटोला रोज ताजा हार घालीन!" ढिम्म. दादाला माझा आळस ठाऊक होता.

मग वहिनी हळूच म्हणाली, "अवो, मी वेळेवर जेवीन. रातचा भात पण लावीन. जाव द्या आता."

खाड्कन धक्का बसला आणि गाडी निघाली! वहिनी पदराने डोळे पुसत हसली. मला मात्र समोरचा रस्ता नीट दिसेना.

वडखळच्या नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. थांबल्यावर मी सवयीने दांडी न्यूट्रलला घेतली. वाट मोकळी झाली, पुन्हा डी टाकला. ढिम्म! मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. वहिनीने आर्जवं सुरू केली, "गुडघ्याला तेल लावीन... डॉक्टरकडं जाईन..." पापड विकणारी धोंडुबाई खिडकीशी आली. हकिगत ऐकून तिनेही हात जोडले, "दादा, मी लक्ष ठेवीन तुमच्या बायकोवर!" कुठे वडखळ, कुठे पेण! तेवढ्यात मागचा ट्रकवाला तावातावाने उतरून आला. धोंडुबाईने त्यालाही सगळं समजावलं. त्याने कपाळावर हात मारला आणि ओरडला, "दादा, मी दारू सोडतो, पण गाडी काढा!"

खाड्! गाडी निघाली.

"त्या ट्रकवाल्याचं ऐकलं!" वहिनी नागोठण्यापर्यंत फुरंगटून बसली.

रात्री मात्र ती पोटभर जेवली. वर पुन्हा भात मागून घेतला. "ह्यांना कबूल केलंय," म्हणाली. किती दिवसांनी मला बरं वाटलं!

सकाळी मी गाडी सुरू केली आणि बंद करायची हिंमत होईना. तशीच चालू ठेवून सहज काडी काढून पाहिली, तर टोकालाही तेल नाही! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या गाडीच्या गिअरचं तेल इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं. बंद इंजिनात ते खाली उतरून साचतं आणि काडी चक्क खोटं बोलते. यष्टीच्या सवयीने मी उलटं केलं होतं. तेल कमी म्हणून गिअर उशिरा पडत होता, बाकी काही नाही. बाजारातून तेल आणून ओतलं. दांडी ओढताच गाडी लोण्यासारखी सरकली!

"चल वहिनी, कुंडलिकेच्या काठापर्यंत चक्कर मारू!"

वहिनी धुतलेलं लुगडं नेसून आली. पुढे बसली, हात जोडले, डोळे मिटले. काय काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं असावं. मी दांडी डीवर ओढली.

"अवो..."

गाडी निघालीसुद्धा!

"बघितलंस?" मी छाती फुगवून म्हणालो. "दुरुस्त केली!"

तिचे हात तसेच जोडलेले राहिले. नदी आली. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भावजी, आता ते माझं ऐकाया पण थांबत नाय."

मी गाडी कडेला घेऊन बंद केली. ओतलेलं तेल परत कसं काढायचं, ते यष्टीत कोणी शिकवलं नव्हतं!